कोकम सरबताच्या धंद्यासाठी कोड आणि सरकारी नियम नेमके कुठे शोधायचे?

रातांब्याची वाडी · ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. सावंतवाडीपासून बारा किलोमीटरवर आमचं गाव. घरामागच्या उतारावर रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सतरा झाडं आहेत. सासूबाई गेली तीस वर्षं त्यांची सोलं (वाळवलेल्या साली), आगळ (मीठ घातलेला रस) आणि सरबत करतात. सगळं आतापर्यंत घरापुरतं, पाहुण्यांपुरतं आणि मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांपुरतं होतं. यंदा मी हिशेब ठेवला तर १४० बाटल्या सरबत नुसतं ओळखीत गेलं. गणपतीनंतर गोव्यातल्या म्हापशाच्या एका दुकानदाराचा फोन आला. पुढच्या हंगामात ३०० बाटल्या देता का, पण सगळे कागद हवेत, म्हणाला.

म्हणून कागदांच्या मागे लागले आणि तिथेच अडकले. उद्यम नोंदणीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या छोट्या उद्योगांच्या नोंदणीचा, अर्ज भरताना त्यात ‘एनआयसी कोड’ विचारला. सायबर कॅफेतला मुलगा म्हणाला, ताई, यादी मोठी आहे, ‘इतर खाद्यपदार्थ’ टाकून मोकळं होऊ. मला ते पटलं नाही, अर्ज अर्धा सोडून घरी आले. मग एका एजंटला विचारलं. त्याने सगळ्याचे मिळून ९,००० सांगितले, त्यात नुसत्या उद्यमचे १,५००. मोबाइलवर व्हिडिओ बघितले तर एक म्हणतो जीएसटी लागत नाही, दुसरा म्हणतो १२ टक्के, तिसरा म्हणतो १८.

मला पैसे देऊन सुटायचं नाही. बाटलीवर नाव माझं असणार, तर नियम मला कळायला हवेत. पण सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही. कोणतं खातं, कोणता कोड, कोणतं पुस्तक?

अजून एक. भाच्याने लेबल तयार केलंय. सगळं सुंदर मराठीत, वर ‘घरगुती शुद्ध कोकम सरबत’ आणि खाली ‘पित्तावर रामबाण’. ५०० लेबलं छापायची आहेत, छापखाना माझ्या होकारासाठी थांबलाय. देऊ का होकार?

---

दापोलीकर बागायतदार · ९ नोव्हेंबर २०२५

ताई, आधी छपाई थांबवा. बाकीचं सावकाश वाचा.

मी सात हंगाम कोकम आणि जांभळाचं सरबत करून विकतोय. तुम्ही आज जिथे आहात तिथे मीही होतो. तेव्हा मला जी गोष्ट कोणी सांगितली नाही ती आधी सांगतो. तुमची बाटली एकच असली तरी सरकारदरबारी तिला तीन नावं आहेत. उद्योग मोजणारं खातं तिला एका आकड्याने ओळखतं, कर गोळा करणारं दुसऱ्या आकड्याने, आणि अन्नाची सुरक्षितता बघणारं खातं तिला एका व्याख्येने ओळखतं. ही तीन नावं एकमेकांशी जुळत नाहीत, जुळायची गरजही नाही. व्हिडिओवाले एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिलं नाव एनआयसी. ते राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण आहे, सध्या उद्यमला चालतं ते २००८ चं. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पूर्ण पुस्तक फुकट आहे. यादीत शोधू नका, झाडासारखं खोडापासून वर जा. १० म्हणजे खाद्यपदार्थांचं उत्पादन. १०३ म्हणजे फळं-भाज्यांवर प्रक्रिया आणि टिकवण. त्याच्या आत १०३०१ म्हणजे उन्हात वाळवणं, ही तुमची सोलं. १०३०४ म्हणजे रस, अर्क, स्क्वॅश, हे तुमचं आगळ आणि सरबत. अर्जात एकाहून जास्त कोड घालता येतात, तेव्हा दोन्ही घाला. नोंदणी पूर्ण फुकट आहे, फक्त पत्त्याच्या शेवटी gov.in ऐवजी भलतंच काही असलेल्या हुबेहूब साइटपासून जपा.

‘इतर’ टाकायला तुम्ही नकार दिलात हे फार बरं केलंत. माझ्या वेळी एजंटने ४७ ने सुरू होणारा कोड टाकला होता, म्हणजे किरकोळ विक्री. मी प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं. दीड वर्षाने यंत्रासाठी कर्ज काढायला गेलो, तेव्हा बँकेतल्या बाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यममध्ये घेतात, पण ते फक्त अग्रक्रमाच्या कर्जापुरतं. उत्पादकाच्या बाकीच्या सवलती त्यांना नाहीत. मी रातांबे फोडून, बिया काढून, हात लाल करून घेणारा माणूस, आणि कागदावर दुकानदार! दुरुस्ती ऑनलाइन फुकट झाली, पण तोवर हंगाम गेला होता.

दुसरं नाव एचएसएन, म्हणजे मालाच्या प्रकाराचा आकडा. ते जीएसटीसाठी. कस्टमच्या दरपत्रकात २१ व्या प्रकरणात २१०६ ९० ११ पुढे चक्क ‘शरबत’ असा शब्द लिहिलेला आहे. दराचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा टप्पा मोडून टाकलाय, खाण्यापिण्याच्या बहुतेक वस्तू ५ वर आल्यात. त्या तारखेआधीचा कुठलाही व्हिडिओ बघू नका.

तिसरं नाव सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथे कोणीच लक्ष देत नाही. एफएसएसएआयची, म्हणजे त्या अन्नसुरक्षेच्या खात्याची, मानकं २०११ च्या विनियमांत आहेत. संकेतस्थळावर ‘कम्पेंडियम’ नावाची फाइल शोधा, तिच्यात नंतरच्या दुरुस्त्या मूळ मजकुरात मिसळलेल्या असतात. सुटी राजपत्रं वाचत बसलात तर कोणती ओळ जिवंत आहे तेच कळणार नाही. कम्पेंडियममध्ये इंग्रजीतून शरबत शोधा. एक छोटा तक्ता येईल. स्क्वॅश, क्रश, फळांचं सिरप किंवा शरबत, कॉर्डिअल. प्रत्येकात फळाचा अंश किमान २५ टक्के. पण विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण स्क्वॅशला किमान ४०, क्रशला ५५ आणि शरबताला ६५ टक्के. म्हणजे बाटलीवर ‘सरबत’ लिहिलंत की ६५ तुमच्यावर बंधनकारक झालं.

हा आकडा मी दुसऱ्या हंगामात शिकलो. साखर महागली म्हणून रातांब्याच्या सालीच्या वाट्यांत थोडी कमी भरली होती. जूनच्या पहिल्या पावसात खोलीत शिरलो तर आंबूस वास. ओळीने ठेवलेल्या बाटल्यांची झाकणं उचलली गेलेली, कडेने गुलाबी फेस, फरशीवर ओघळ. ६० हून जास्त बाटल्या कंपोस्टच्या खड्ड्यात ओतल्या. कृषी विद्यापीठातल्या एका ओळखीच्या सरांनी खिशात मावेल एवढा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी दाखवणारी दुर्बीण, आणला. काचेवर एक थेंब, वर झडप, खिडकीकडे तोंड करून डोळा लावायचा. निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर रेघ दिसते. रेघ ५८ वर होती. सर म्हणाले, ६५ च्या वर साखरेच्या पाकात यीस्टला जगायला मोकळं पाणीच उरत नाही, खाली आलात की ते जागं होतं. तो आकडा सरकारने उगाच लिहिलेला नाही हे त्या दिवशी समजलं. आता प्रत्येक बरणीतला थेंब बघितल्याशिवाय मी गाळत नाही.

टिकवण्यासाठी काही घालणार असाल तर तेही त्याच विनियमांत बघा. आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नका, कोकमाचा लाल रंग उडवतं ते. कोकमाला लोक सोडियम बेंझोएट वापरतात. घातलंत तर लेबलवर त्याच्या आयएनएस २११ या ठरलेल्या क्रमांकासह लिहावं लागतं.

आता लेबल. २०१८ च्या जाहिराती आणि दाव्यांच्या विनियमांत ‘होममेड’ सारखे शब्द वापरू नयेत असं स्पष्ट आहे. ‘शुद्ध’ लाही अटी आहेत, साखर-मीठ घातलेल्या पेयाला तो शब्द लावायच्या भानगडीत पडू नका. ‘पित्तावर रामबाण’ तर अजिबात नको. अन्नावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्याच्या ५३ व्या कलमात १० लाखांपर्यंत दंड आहे. तुमच्या सासूबाईंचं सरबत पित्तावर गुणकारी असेलही. तोंडाने सांगा, बाटलीवर नको.

फूड लायसन्स म्हणतात ते तुमच्या आकाराला ‘नोंदणी’ आहे. २०२५ मधली अट अशी, उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या आत आणि दिवसाला १०० लिटरच्या आत उत्पादन, फी वर्षाला १०० रुपये. फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर स्वतः भरता येतं. मे महिन्यात एखाद्या दिवशी १०० लिटरच्या वर जाणार असाल तर मात्र आधीच राज्य परवान्याचा विचार करा.

मी एक वही ठेवतो. खातं, त्यांनी माझ्या मालाला दिलेलं नाव, नियमाचा क्रमांक, मी तो वाचला ती तारीख, असे चार रकाने. तारीख सगळ्यात उपयोगी पडते. लेबलच्या बदलांची अंमलबजावणी एफएसएसएआयने दर वर्षी १ जुलैपासून ठरवलीय, म्हणून दर एप्रिलला, लेबलं छापण्याआधी, मी वही घेऊन बसतो.

---

वजनमापे (निवृत्त), कोल्हापूर · १० नोव्हेंबर २०२५

दापोलीकरांनी अन्नाचं सांगितलं. माझं खातं राहिलं. अठ्ठावीस वर्षं वैधमापन शास्त्रात काढली.

ताई, तुम्ही बाटली कशी भरता? वजन करून की माप लावून? हे मी मुद्दाम विचारतोय. सरबत पाण्यासारखं नसतं. ६५ टक्क्यांचं सरबत पाण्याच्या सुमारे १.३ पट जड असतं. काट्यावर ७०० ग्रॅम भरलंत तर बाटलीत सुमारे ५३० मिली उतरतं. त्यावर ‘७०० मिली’ छापलंत तर गिऱ्हाइकाला प्रत्येक बाटलीत एक पेला कमी गेला. असे कितीतरी प्रामाणिक लोक माझ्यासमोर आले. त्यांना फसवायचं नव्हतं, त्यांना माहीत नव्हतं. द्रवाला मिली लिहायची, आणि मापाने भरायची. ते माप किंवा काटा मुद्रांकन केलेला, म्हणजे खात्याने तपासून शिक्का मारलेला, हवा. ऑनलाइन मिळतो तो स्वयंपाकघरातला काटा धंद्यात चालत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यायची असते.

लेबलची भाषा हा दुसरा मुद्दा. आपल्या लोकांना याचं वाईट वाटतं, मलाही वाटायचं. पण नियम असा आहे की पाकिटावरची सक्तीची माहिती देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत हवी. मराठी जोडीला कितीही मोठी लिहा, कोणी अडवणार नाही. नुसतं मराठी लेबल मात्र अपुरं धरलं जातं. एफएसएसएआयचंही तसंच आहे. भाच्याला सांगा, मराठी आहे तसं ठेव, खाली इंग्रजी घाल.

काय काय लिहायचं? उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ मात्रा, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. शिवाय एकक किंमत, जी बहुतेक घरगुती लेबलांवर अजून नसते. ७०० मिलीची बाटली २१० रुपयांना असेल तर प्रति मिली ०.३० रुपये असं लिहावं लागतं. एक किलो किंवा एक लिटरच्या आत असेल तर ग्रॅमला, मिलीला. त्याहून मोठं असेल तर किलोला, लिटरला.

आणि २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांतला २७ वा नियम वाचा. स्वतः पॅक करणाऱ्याने काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत नाव नोंदवायचं असतं. फी ५०० रुपये. एजंट हे सहसा सांगत नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक नसतं.

तालुक्याच्या निरीक्षकाकडे स्वतः जा. छापण्याआधी लेबलचा कच्चा कागद दाखवा. छापल्यावर येणारे खूप बघितले. आधी येणाऱ्याला कोणी हाकलून देत नाही.

---

रातांब्याची वाडी · १० नोव्हेंबर २०२५

काका, हात जोडून आभार. आम्ही वजन करूनच भरतो. काट्यावर ७०० आलं की थांबायचं. बाटलीत वरचा गळा रिकामा दिसतो म्हणून सासूबाई दर वेळी अजून थोडं ओततात, म्हणजे त्यांच्या हाताला आकडा चुकतोय ते कळत होतं. छापखान्याला फोन करून थांबवलं.

जीएसटीचं मात्र अजून कळलं नाही. माझी उलाढाल दीड लाखाचीही नाही. ४० लाखांपर्यंत लागत नाही ना?

---

जमाखर्च, कुडाळ · ११ नोव्हेंबर २०२५

ताई, मी कुडाळात हिशेबाची आणि रिटर्नची कामं करते. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांची मर्यादा आहे हे बरोबर. पण तुमचं गिऱ्हाईक म्हापशाला आहे. बांदा संपून पत्रादेवी आली की राज्य बदललं, आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात गेला की ४० लाखांची सवलत संपते. पहिल्या बाटलीपासून नोंदणी लागते. आपल्या सिंधुदुर्गातल्या लोकांना हे फार नडतं. आपला बाजार पिढ्यान्‌पिढ्या गोव्याचा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आपल्याला कोल्हापुरापेक्षा जवळचा आहे, पण कायद्याला ते दुसरं राज्य आहे.

तुम्ही विचारण्याआधीच सांगते, कारण प्रत्येक जण विचारतो. दुकानदार स्वतः टेम्पो घेऊन तुमच्या खळ्यात आला तर? आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटीच्या, कायद्याच्या दहाव्या कलमात शब्द आहेत की माल विकणाऱ्याने न्या, घेणाऱ्याने न्या किंवा तिसऱ्याने न्या, प्रवास जिथे संपतो ते ठिकाण धरायचं. दुकान म्हापशात असलेला माणूस ३०० बाटल्या घेऊन जातोय, तर तो प्रवास म्हापशातच संपतो. ही पळवाट धरू नका. पर्यटक दारावर येऊन दोन बाटल्या घेऊन गेला, त्याचा पत्ता बिलावर नाही, ती विक्री मात्र इथलीच.

कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची ठोक दराची जीएसटी योजना, सोपं पडेल असं कोणी सांगेल. त्यात बाहेरच्या राज्यात माल पाठवता येत नाही. म्हणजे तुम्हाला साधी नोंदणीच लागेल. सरकारी फी काही नाही. रिटर्न तिमाही भरायची सोय आहे.

माझं प्रामाणिक मत सांगू? घाबरून म्हापशाची ऑर्डर सोडू नका, आणि बिलाशिवायही देऊ नका. आधी हिशेब मांडा. ३०० बाटल्या गुणिले तुमचा बाटलीमागचा नफा, त्यातून वर्षभराच्या रिटर्नचा खर्च वजा. शिल्लक उरत असेल तर नोंदणी करा. उरत नसेल तर एक वर्ष सावंतवाडी, कुडाळ, मुंबई एवढ्यावरच चालवा. एका बाईंना मी हाच हिशेब करून दिला होता, त्या आंबोली घाटातल्या स्टॉलवर विकून पहिली दोन वर्षं निभावल्या.

दुकान-आस्थापना कायद्याचंही कोणी भीती घालेल. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, परवाना नाही.

---

दापोलीकर बागायतदार · ११ नोव्हेंबर २०२५

एक राहिलं. लेबलवर ‘जीआय मानांकित’ असं लिहायचा मोह होईल, कारण सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. झाडं त्याच मातीतली असली तरी तेवढ्यावर भागत नाही. ते नाव आणि चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. नोंदवा, फायदा आहे. पण आधी नोंद, मग छपाई.

---

रातांब्याची वाडी · २३ नोव्हेंबर २०२५

मंडळी, दोन आठवड्यांत काय झालं ते सांगते.

उद्यम मी स्वतः भरलं. १०३०१ आणि १०३०४. अर्ध्या तासात झालं, एक रुपया लागला नाही. फूड नोंदणीचा अर्ज पाच वर्षांसाठी केला, ५०० रुपये.

जमाखर्चताई, तुमचा हिशेब मांडला. ३०० बाटल्यांवर शिल्लक उरते, पण अगदीच थोडी. म्हापशाच्या दुकानदाराला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, सोलं आणि आगळही द्या, मग ऑर्डर मोठी होईल. जानेवारीत जीएसटीची नोंदणी करायचं ठरवलंय.

वजनमापेकाका, लेबलचा कागद घेऊन कार्यालयात गेले. साहेबांनी पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या. एकक किंमत नव्हती, ईमेल नव्हता, आणि मात्रेचे आकडे बारीक होते. ‘घरगुती’ गेलं, ‘रामबाण’ गेलं. भाचा थोडा हिरमुसला, पण मराठी नाव मोठं तसंच ठेवलंय.

आणि कृषी विद्यालयातून एक दिवसासाठी रिफ्रॅक्टोमीटर आणला. यंदाच्या सरबताची एकच बाटली उरली होती, देवघराच्या कपाटात. सासूबाईंनी स्वतः काचेवर थेंब टाकला, खिडकीकडे धरला, मग माझ्याकडे दिला. रेघ ६७ वर होती. त्या म्हणाल्या, चमच्यावरून थेंब कसा सुटतो ते बघून मी गाळते. मी म्हटलं, आई, पुढच्या मेमध्ये तुम्ही चमचा धरा, मी हे धरते, आणि प्रत्येक बरणीचा आकडा वहीत लिहू. वही आणलीय, चार रकाने आखलेत. पहिल्या पानावर आजची तारीख आहे.